‘ह्याचं आउटपुट काय येईल?’ असं विचारणाऱ्यांसाठी

वेबपानं चालवणाऱ्या जावास्क्रिप्ट ह्या प्रोग्रॅमिंगच्या भाषेच्या मुलाखती घ्यायचं काम गळ्यात पडलंय? घाबरू नका. त्यासाठी जावास्क्रिप्ट यायला हवी असं मुळीच नाही. कोडच्या सात-आठ ओळी आणि त्यांचं आउटपुट पाठ असलं आणि आवाजात थोडी जरब असली की भागतं. गेल्याच आठवड्यात मी अशा एका पॅनेलसमोर बसून आले. तिथलं ज्ञान माझ्यापाशीच कुजू नये म्हणून हा खटाटोप.

उमेदवाराचा सीव्ही आधी वाचू नका. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हणायचं आणि तो सांगत असताना वाचायचा.

श्रीगणेशा रिकाम्या कंसांनी करावा. [] + [] किती? रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर. हे आता शेंबड्या पोरालाही माहीत झालंय, म्हणून तिथे थांबायचं नाही. [] + {} विचारायचं. उमेदवार ‘[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]’ म्हणाला की हुकमाचं पान टाकायचं: आता उलटं करा, {} + [] किती? ब्राउझरच्या कन्सोलमध्ये ह्याचं उत्तर शून्य येतं, कारण ओळीच्या सुरुवातीचा महिरपी कंस तिथे ऑब्जेक्ट नसून रिकामा ब्लॉक ठरतो आणि हिशेबाला उरतं फक्त +[]. तेच सगळं गोल कंसात घाला किंवा व्हेरिएबलमध्ये ठेवा, की पुन्हा ‘[ऑब्जेक्ट ऑब्जेक्ट]’. तेव्हा एखादी उमेदवार म्हणेल, ‘कुठे लिहिलंय त्यावर अवलंबून आहे.’ तिचं बरोबर असेल. तुमच्या कागदावर मात्र शून्य लिहिलेलं आहे, म्हणून किंचित हसून म्हणा, ‘येत नसेल तर तसं सांगा, काही हरकत नाही.’

टाइपऑफ नल विचाराच, म्हणजे ‘काहीच नाही’ दाखवणाऱ्या नलचा प्रकार भाषा काय सांगते ते. ‘ऑब्जेक्ट’ हे चुकीचं वाटणारं, पण खरं उत्तर आलं की लगेच ‘का?’ विचारा. कारण तुम्हाला ठाऊक असायची गरज नाही. ब्रेंडन आइक ह्यांनी १९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप ह्या ब्राउझरवाल्या कंपनीत दहा दिवसांत भाषेचा पहिला नमुना उभा केला, त्यात प्रत्येक व्हॅल्यूच्या शेवटच्या काही बिट्समध्ये तिचा प्रकार नोंदवलेला असे, ऑब्जेक्टची खूण शून्य होती आणि नल म्हणजे नुसती शून्यंच, ही सगळी कथा उमेदवाराने सांगितली तर ‘थोडक्यात सांगा’ म्हणा. पुढे ही चूक दुरुस्त करायचा प्रस्ताव आला होता, पण जुनी पानं मोडतील म्हणून तो बारगळला. तिशी उलटलेली चूक आहे ती. भाषा बनवणाऱ्याला दहा दिवस मिळाले होते, उमेदवाराला दहा सेकंद पुरेत.

०.१ + ०.२ विचारा आणि उत्तर नेमकं ०.३ येत नाही म्हणून जावास्क्रिप्टला हसा. पायथॉन, जावा, सी अशा इतर भाषांतही हेच होतं हे उघड करू नका.

पार्सइंटचं, म्हणजे स्ट्रिंगचा पूर्णांक करणाऱ्या फंक्शनचं, कोडं माझंही आवडतं आहे, खोटं कशाला बोलू. ‘१०’ ही स्ट्रिंग तीनदा घातलेला ॲरे (यादी) घ्यायचा आणि त्यावर मॅपला, म्हणजे प्रत्येक घटकावर एकच फंक्शन चालवणाऱ्याला, थेट पार्सइंट द्यायचं. उत्तर येतं १०, नॅन (म्हणजे ‘हा आकडाच नाही’), २. मॅप प्रत्येक घटकासोबत त्याचा शून्यापासून मोजलेला क्रमांकही पाठवतो आणि पार्सइंट त्या क्रमांकाला आकड्याचा पाया समजतं. पाया शून्य दिला की ते दहाच धरतं, एक पायाची मोजणीच नसते म्हणून नॅन, आणि दोन पायात ‘१०’ म्हणजे २. ह्यातून खरं तर छान गप्पा निघतात: दुसऱ्याचं फंक्शन जसंच्या तसं कुठे देऊ नये, त्याच्या हातात काय काय पडतंय ते बघावं, वगैरे. पण गप्पांना गुण नसतात. मी हे समजावून सांगत होते तर पॅनेलमधले दुसरे गृहस्थ म्हणाले, ‘फक्त आउटपुट सांगा.’

व्हार आणि सेटटाइमआउटचं लूपवालं कोडं, म्हणजे लूपच्या प्रत्येक फेरीत शेवटचाच आकडा छापला जातो ते, विसरायचं नाही. २०१५ पासून भाषेत त्यावर उपाय म्हणून लेट आहे हे विसरलात तरी चालेल.

तारखेबद्दल मात्र चुकूनही विचारू नका. तो विषय कामाचा आहे. महिने शून्यापासून आणि दिवस एकपासून मोजायचे, हा जावाच्या त्या वेळच्या डेट क्लासवरून उतरवलेला प्रकार आहे. खुद्द जावाने त्यातल्या बहुतेक मेथड १९९७ मध्येच मोडीत काढल्या, आपण अजून त्याच वापरतोय. २०२५ च्या फेब्रुवारीची ३१ तारीख बनवायला सांगा, एरर येत नाही, गुपचूप ३ मार्च मिळते. नुसती वर्ष-महिना-दिवस अशी स्ट्रिंग दिली तर ती ग्रिनिचच्या वेळेने वाचली जाते, त्याच स्ट्रिंगला पुढे वेळ चिकटवली की स्थानिक वेळेने. ह्याच्यावर माणसांच्या रात्री गेल्यात, पण मुलाखतीत ह्याबद्दल चकार शब्द नाही. आणि का नाही ते सांगू? मुलाखतीच्या आधी त्याच कंपनीचा ऑनलाइन फॉर्म भरला होता मी. कॅलेंडरमधून जन्मतारीख निवडली, सेव्ह केलं, तर पुढच्या पानावर मी एका दिवसाने मोठी! परत निवडली, परत तेच. ब्राउझरचं नेटवर्क टॅब उघडून पाहिलं. कॅलेंडर स्थानिक मध्यरात्रीची तारीख बनवतंय, कुणीतरी तिच्यावर टूआयएसओस्ट्रिंग (तारखेची ग्रिनिचच्या वेळेतली स्ट्रिंग करणारं फंक्शन) चालवून पहिली दहा अक्षरं कापून सर्व्हरला पाठवतंय. ग्रिनिचच्या पूर्वेला मध्यरात्र झालेली असते तेव्हा ग्रिनिचमध्ये आदला दिवस चालू असतो. झालं, गेला एक दिवस. पश्चिमेला बसून टेस्ट करणाऱ्याला हे जन्मात दिसायचं नाही. एचआरला कळवलं. उत्तर काय आलं? ‘प्लीज, एक दिवस पुढची तारीख टाका, म्हणजे बरोबर सेव्ह होते.’ म्हणजे माहीत आहे त्यांना! सगळ्यांना माहीत आहे! आजवर किती जणांनी खोटी तारीख टाकून खरी सेव्ह केली असेल आणि किती जणांनी खरी टाकून खोटी, हे त्या डेटाबेसकडे बघून आता कुणालाही सांगता येणार नाही. आणि हा फॉर्म ज्यांच्या टीमचा, तेच साहेब मला विचारतायत, ‘नॅन आणि नॅन इक्वल असतात का?’

नसतात हो. नसतात.

तर, पुढची सूचना. [] == ![] हे खरं की खोटं, असं विचारावं. खरं. उजवीकडचं फॉल्स होतं, मग दोन्ही बाजू घसरत घसरत शून्यावर येतात. हे कोडं घालताना तुमच्याच रेपोमधल्या (कोडच्या साठ्यातल्या) ईएसलिंटची, म्हणजे कोडमधल्या चुका धरणाऱ्या टूलची, सेटिंग्ज स्क्रीनवर दिसणार नाहीत एवढी काळजी घ्या, कारण तिथे तुम्हीच दोन बरोबरच्या चिन्हांवर (==) बंदी घातलेली आहे. ही ओळ कुणी लिहिली तर तुमचाच बिल्ड तिला आत घेणार नाही. आणि जी लिहायला बंदी, तिच्यावरून माणूस नापास करायचा! ह्याला काय म्हणावं?

जाऊ दे, सूचनाबिचना पुरे झाल्या. सरळच बोलते. ही कोडी तुम्ही घालता कारण त्यांची उत्तरं ताडून बघायला सोपी असतात. समोरच्याला काम येतं की नाही हे कळायला त्याचं बोलणं लक्ष देऊन ऐकावं लागतं, मधेच प्रश्न विचारावे लागतात, आणि त्यासाठी आपल्याला थोडं यावं लागतं. ते टाळायचं आणि वर ‘बेसिक्स कच्चे आहेत’ असा शेरा मारायचा. टाइपऑफ नल म्हणजे बेसिक्स? ती तीस वर्षांपूर्वीच्या घाईची खूण आहे. ती पाठ असली की माणूस हुशार होत नाही आणि पाठ नसली म्हणून ढ ठरत नाही. समोरचा हातातलं काम सोडून, घरचं काहीतरी पुढे ढकलून तुमच्यापुढे येऊन बसतो. त्याला निदान तुमच्या कामाचं काही विचारा ना. तुमच्या रेपोत निस्तरलेल्या बग्जचा तुटवडा आहे का? त्यातला एक घ्या, तीसेक ओळी दाखवा, ‘इथे काय चुकत असेल?’ विचारा आणि तोंड बंद ठेवा. त्याला कोड चालवून बघू द्या, सर्च करू द्या, डॉक्युमेंटेशन उघडू द्या. तुम्ही दिवसभर दुसरं काय करता? मग त्यानेच काय घोडं मारलंय?