मेल डिलीट केली म्हणजे डिस्क मोकळी झाली असे नाही

‘डिस्क भरली असेल तर थंडरबर्ड किंवा आउटलुक या मेल प्रोग्राममधील जुन्या मेल डिलीट करून ट्रॅश रिकामा करा, तेवढी जागा लगेच सुटेल, तरीही भागले नाही तर मेलची फाइलच उडवा, सर्व्हरवर सगळे असतेच,’ असा सल्ला सध्या एका व्हॉट्सॲप ग्रुपवरून दुसऱ्यावर फिरतो आहे. त्यातील पहिले विधान अर्धवट आहे आणि दुसरे धोक्याचे.

आधी ‘लगेच सुटेल’ या शब्दांकडे पाहू. थंडरबर्ड सहसा एका फोल्डरच्या सगळ्या मेल एकाच लांबलचक फाइलमध्ये एकीखाली एक लिहून ठेवतो. मेल डिलीट केली की तिची प्रत ट्रॅशमध्ये जाते आणि इनबॉक्सच्या फाइलमध्ये ‘काढलेली’ एवढी खूण होते. मजकूर जोडपत्रांसह जागच्या जागी राहतो. ट्रॅश रिकामा केल्याने सुटते ती फक्त त्या प्रतीची जागा. खात्री करायची असेल तर प्रोफाइलमधील (थंडरबर्ड मेल ठेवतो त्या फोल्डरमधील) ‘इनबॉक्स’ नावाच्या, एक्स्टेन्शन नसलेल्या फाइलचा आकार डिलीट करण्यापूर्वी आणि नंतर टिपून ठेवावा. तो कमी होतो फोल्डर ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच, म्हणजे काढलेल्या मेल वगळून फाइल नव्याने लिहिल्यावरच. मात्र त्या वेळी उरलेल्या मेलची नवी फाइल लिहून झाल्यावरच जुनी काढली जाते, त्यामुळे काठोकाठ भरलेल्या डिस्कवर हे काम मध्येच अडते. लहान फोल्डरपासून सुरुवात करावी ती यासाठीच. आउटलुकची पीएसटी, म्हणजे मेल संगणकावर साठवणारी फाइलही मेल काढताक्षणी आकसत नाही. तिच्यासाठी ‘कॉम्पॅक्ट नाऊ’ आहे.

‘फाइलच उडवा’ हे आउटलुकच्या दुसऱ्या, ओएसटी नावाच्या फाइलबाबत बहुतेक वेळा चालून जाते, कारण ती सर्व्हरवरील पेटीची प्रत असते. पण आउटलुक ती पुन्हा उतरवून घेतो आणि काही तासांत डिस्क पूर्ववत भरते. त्यापेक्षा एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टची मेल सेवा) खात्याच्या सेटिंगमध्ये ऑफलाइन ठेवायच्या मेलचा कालावधी बारा महिन्यांवरून तीनवर आणावा. पीएसटीची गोष्ट निराळी. अर्काइव्ह केलेल्या किंवा पीओपीने (मेल संगणकावर उतरवून घेण्याची पद्धत) उतरवून सर्व्हरवरून काढलेल्या मेल फक्त तिच्यातच असतात, आणि थंडरबर्डच्या ‘लोकल फोल्डर्स’चेही तसेच. ती फाइल गेली की मेल गेल्या.

राहिला प्रश्न आयमॅपचा, म्हणजे मेल सर्व्हरवर ठेवून सगळ्या उपकरणांवर तीच दाखवणाऱ्या पद्धतीचा. तेथे प्रोग्राममध्ये डिलीट केलेली मेल सर्व्हरवरूनही जाते आणि मोबाइलवरही दिसेनाशी होते. मेल सर्व्हरवर ठेवून संगणकावर तिची प्रत साठू द्यायची नसेल, तर थंडरबर्डमध्ये खात्याच्या ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’मध्ये जाऊन मेल या संगणकावर ठेवण्याची खूण काढावी, ट्रॅशला हात लावण्याची गरजच पडत नाही.