रात्री नापास, दिवसा पास

आमच्या साइनअपच्या टेस्टला रात्रीचं काहीतरी लागतं असं मी टीमच्या ग्रुपवर लिहिलं तेव्हा तिघांनी हसणारे इमोजी टाकले आणि लीडने विचारलं, "झोप नीट होतेय ना?"

काम खरं तर एवढंसं होतं. रेल्सचं (वेबसाइट बांधायची तयार चौकट) ॲप, साइनअप फॉर्मवर जन्मतारखेचा रकाना वाढवायचा, १८ पूर्ण नसतील तर आत घ्यायचं नाही. मग कंट्रोलरची (आलेला फॉर्म हाताळणारा कोड) टेस्ट, म्हणजे तो कोड नीट चालतो का ते तपासणारा कोड, लिहिली की आज बरोब्बर १८ पूर्ण झालेला एक गडी फॉर्म भरतो, तर युजरची संख्या एकने वाढली पाहिजे आणि त्याला पुढच्या पानावर पाठवलं पाहिजे. पोरगी झोपल्यावर बसलो, साडेबाराला टेस्ट चालवली, लाल, म्हणजे नापास. संख्या जागची हलली नाही आणि ३०२, म्हणजे 'पुढच्या पानावर जा', याच्या जागी ४२२. ४२२ म्हणजे काय तर तुमचा अर्ज मिळाला, वाचला, कळला, पण होणार नाही. खिडकीतून वरतीही न बघता म्हणतात ना, तसं.

आधी संशय परमिटवर. फॉर्ममधून आलेलं कुठलं फील्ड आत सोडायचं याची यादी कंट्रोलरला द्यावी लागते, यादीत नाव नसेल तर रेल्स त्याला गपचूप गाळतं, ओरडत पण नाही. पण जन्मतारीख यादीत होती. मग वाटलं ईमेल आधीच्या फिक्श्चरमध्ये (टेस्टसाठी भरून ठेवलेला नमुना डेटा) असेल, नव्हता. पासवर्ड आणि त्याचं कन्फर्मेशन अक्षर अन् अक्षर लावून बघितलं, टेस्टचा डेटाबेस पाडून परत उभा केला, लॅपटॉप रीस्टार्ट केला (याचा काही उपयोग नसतो हे मला माहितीये, पण मनाला बरं वाटतं). शेवटी अडीच वाजता जे पहिल्यांदा करायला हवं होतं ते केलं, कंट्रोलरमध्ये एरर छापायची एक ओळ घातली. आलं काय, तर "वय १८ पूर्ण हवं".

अरे पण झालेत ना त्याचे पूर्ण! आजच झालेत! बोटांवर मोजले मी, तेही दोनदा.

सकाळी दहाला लीडला स्क्रीन शेअर करून दाखवायला गेलो तर टेस्ट हिरवीगार. परत चालवली, हिरवी. दहा वेळा चालवली, गुणी बाळासारखी दहाही वेळा पास. बिल्ड सर्व्हरवर, म्हणजे सगळ्यांच्या टेस्ट आपोआप चालवणाऱ्या मशीनवर, तर ती कधी पडलीच नव्हती. लीड म्हणाला "कॅशे असेल", आमच्याकडे ज्याचं कारण सापडत नाही ते कॅशेच्या नावावर टाकायची पद्धत आहे. आणि त्याच रात्री बारानंतर परत लाल. असं तीन रात्री.

चौथ्या रात्री आई पाणी प्यायला उठली. मी स्क्रीनकडे बघून "आज काय तारीख आहे तुझ्या मते?" असं चक्क लॅपटॉपला विचारत होतो. तिला वाटलं तिलाच विचारतोय. म्हणाली, "अजून कालचीच. उजाडल्याशिवाय वार बदलत नाही आपल्यात. तू नाही का रात्री अडीचला झालास, सगळे मंगळवार म्हणत होते, पण आजीने सोमवारच धरला." आणि पाणी पिऊन गेली झोपायला.

मी तसाच बसून राहिलो.

कारण रेल्सपण आजीचंच ऐकत होतं! टेस्टमध्ये मी लिहिलं होतं डेट डॉट टुडे, ते लॅपटॉपचं घड्याळ बघतं, म्हणजे भारतातली तारीख. मॉडेलमध्ये, म्हणजे वयाची अट तपासणाऱ्या कोडमध्ये, होतं १८ डॉट इयर्स डॉट अगो, ते ॲपच्या टाइमझोनमधून मोजतं आणि तो आम्ही कधी बदललाच नव्हता, म्हणून यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाणवेळ. यूटीसीमध्ये रात्रीचे बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेपाच. म्हणजे बारा ते साडेपाच टेस्टच्या मते गडी आज १८ चा झाला आणि मॉडेलच्या मते अजून कालचाच दिवस आहे, वाढदिवस उद्या, उद्या या. साडेपाचनंतर दोघांचं एकमत. बिल्ड सर्व्हरचं घड्याळच यूटीसीवर, त्याला भांडायला कोणी नाही.

टेस्टमध्ये टुडेचं करंट केलं, ते ॲपच्याच टाइमझोनची तारीख देतं, एका शब्दाचा बदल. रात्री पावणेतीनला हिरवं दिसलं तेव्हा एकटाच टाळी वाजवली आणि पोरगी उठली.

दुसऱ्या दिवशी ॲपचा टाइमझोनपण नीट लावून टाकावा म्हणून यादी उघडली. भारताचे चार पर्याय: चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. वेळ चारहींची तीच, हवा तो घ्या. चहा घेऊन आलेल्या आईला वाचून दाखवले.

"पुणं नाही?"

"नाही."

"मग ते कसलं अचूक," असं म्हणून तिने कप ठेवला.