आयव्हीचा काढा नको, आणि आधी ती खिडकी उघडा

काल रात्री मावशीचा फोन. "अगं, त्या आयव्हीची पानं किती उकळायची? सहा की आठ?" दीड वर्षाच्या नातवाला खोकला झालाय आणि ग्रुपवर आलेला मेसेज तिने प्रमाण मानलाय. मेसेज असा: आयव्ही या शोभेच्या वेलीची एक कुंडी बेडरूममध्ये ठेवा. 'नासा'ने सिद्ध केलंय की ती हवेतलं ९० टक्के विष शोषते. १२ तासांत ७८ टक्के बुरशी खाते. रात्रभर ऑक्सिजन सोडते. तिला रोज पाणी घाला. पानांचा काढा खोकल्यावर रामबाण.

आधी काढ्याचं बोलू, कारण बाकीच्या मुद्द्यांनी फार तर झाड मरेल. आयव्हीच्या पानांत सॅपोनिन नावाची त्रासदायक द्रव्यं असतात. पानं पोटात गेली तर तोंडाची आग, उलट्या, जुलाब, मांजर-कुत्र्यांनाही तेच. तिच्या रसातल्या फाल्कॅरिनॉल नावाच्या द्रव्याने काहींच्या हातावर पुरळ उठतो, म्हणून छाटणी करताना हातमोजे घालावेत. आता नाइलाजाने मान्य करते: खोकल्याच्या काही सिरपमध्ये आयव्हीच्या पानांचा अर्क खरोखर असतो. पण तो अर्क मोजूनमापून काढलेला असतो, पातेल्यात अंदाजाने उकळलेला नसतो. आणि त्या सिरपबद्दलही युरोपीय औषध संस्था सांगते की दोन वर्षांखालच्या मुलांना देऊ नका, श्वसनाचा त्रास वाढू शकतो. नातू दीड वर्षाचा आहे! सहा नाही, आठ नाही, एकही पान नको. डॉक्टरांकडे ने.

आता 'नासा'. १९८९ साली बिल वोल्व्हर्टन यांच्या चमूने हवाबंद पारदर्शक पेट्यांत झाडं ठेवली आणि आत बेंझिन हा विषारी वायू सोडला. आयव्हीच्या पेटीतलं बेंझिन २४ तासांत जवळपास ९० टक्के कमी झालं. म्हणजे आकडा हवेतून आलेला नाही. पण तो एका वायूचा आणि बंद पेटीचा आहे. आपण पेटीत राहत नाही. दारं-खिडक्यांच्या फटींतून घरातली हवा सतत बदलत असते, आणि झाडाला जमतं त्याच्या कितीतरी पट ती देवाणघेवाण प्रदूषण बाहेर नेते. २०१९ मध्ये अमेरिकेच्या ड्रेक्सेल विद्यापीठातल्या कमिंग्ज आणि वेअरिंग यांनी अशा १२ शोधनिबंधांतल्या १९६ प्रयोगांचं गणित पुन्हा मांडलं. नुसत्या हवा खेळण्याने जेवढी सफाई होते, तेवढी झाडांकडून हवी असेल तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील. म्हणजे १० चौरस मीटरच्या खोलीत कमीत कमी १०० कुंड्या, जास्तीत जास्त १०,०००. पलंग कुठे ठेवायचा ते मेसेजवाल्याने सांगावं. आणि मावशीने काय केलं होतं? 'शुद्ध केलेली हवा बाहेर जाऊ नये' म्हणून खिडक्या लावून घेतल्या होत्या. खोकणारं पोर आत!

रात्रीच्या ऑक्सिजनचं दोन वाक्यांत आटपते. अंधारात प्रकाशसंश्लेषण थांबतं आणि झाडही आपल्यासारखंच ऑक्सिजन घेतं. एका कुंडीपुरतं ते इतकं थोडं असतं की त्याची भीतीही नको आणि कौतुकही नको.

बुरशी आणि रोजचं पाणी मात्र एकत्रच घ्यायला हवं, कारण मेसेज स्वतःच स्वतःला खोडतो. रोज पाणी घातलेल्या, सतत ओल्या मातीवर काय उगवतं? बुरशीच! शिवाय मुळं कुजतात, पानं पिवळी पडून गळतात, आणि पान गळलं की माणूस आणखी पाणी घालतो. बोट मातीत पेरभर खुपसा. वरचा थर कोरडा लागला तरच पाणी, तेही कुंडीच्या भोकातून निथळेपर्यंत, आणि ताटलीत साचलेलं ओतून टाकायचं.

मावशीला शेवटी पटलं, पण तिचा पुढचा प्रश्न तयार होताच: "मग ही कुंडी फेकू का?" फेकतेस कशाला, झाड सुंदर आहे. उजेड भरपूर पण कडक ऊन नको, अशा गारशा जागी टांग. पांढऱ्या कडांची जात असेल तर फार अंधारात पानं हिरवीगार होत जातील. गरम, कोरड्या खोलीत पानांखाली बारीक जाळी दिसली तर ती कोळी नावाची बारीक कीड. नळाखाली धरून पानं खालून-वरून धुवायची, आठवडाभराने पुन्हा. फक्त वेली इतक्या खाली सोडू नकोस की रांगणाऱ्याच्या हाती लागतील.