डिस्प्ले दुरुस्तीचा दर काम सुरू होण्याआधीच ठरला पाहिजे

टीव्ही असो, मॉनिटर असो की मशीनवरचा छोटा कंट्रोल डिस्प्ले, स्क्रीन काळी पडली की दुरुस्तीवाल्याचं पहिलं उत्तर ठरलेलं: "खोलल्याशिवाय सांगता येणार नाही." ते खरंच आहे. माझा राग पुढच्या गोष्टीवर आहे. खोलून झाल्यावरही आकडा सांगत नाहीत, आणि सेट न्यायला गेलं की तो एकदम समोर येतो. तेव्हा नाही म्हणायची सोयच उरलेली नसते.

तपासणीचे पैसे वेगळे घ्या, जरूर घ्या, ते कष्टाचं काम आहे. पण तपासणी झाली की बिघाडाच्या प्रकाराप्रमाणे एकच पक्का दर सांगा आणि नंतर तो वाढवू नका.

"प्रत्येक केस वेगळी असते" हे मला अर्धंच पटतं. नेहमी बिघडणाऱ्या गोष्टी मोजक्याच आहेत: पॉवर सप्लायमधला फुगलेला कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग), बॅकलाइटच्या पट्ट्या (स्क्रीनला मागून उजेड देणाऱ्या एलईडीच्या पट्ट्या), टी-कॉन बोर्ड (चित्राचे सिग्नल पॅनलला पोचवणारा बोर्ड), मेन बोर्ड आणि खुद्द पॅनल, म्हणजे चित्र उमटतं ती काच. एलसीडी सेटचा आवाज येतोय पण चित्र नाही, तर खोलीत अंधार करून स्क्रीनवर जवळून तिरका टॉर्च मारा. पुसट चित्र हलताना दिसलं तर पॅनल बहुतेक शाबूत आहे, बॅकलाइट पेटत नाहीये. पट्टीवरचे एलईडी बहुधा सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले असतात, त्यामुळे एक उडाला तरी अख्खी रांग विझू शकते. रोज हेच करणाऱ्याला याला सरासरी किती खर्च येतो ते तोंडपाठ असतं. एखादा सेट छळतो, बाकीचे पटकन होतात, त्याचा हिशेब जुळतो. गिऱ्हाइकाकडे मात्र एकच सेट असतो, तो कसली सरासरी काढणार? ज्याला आतलं कळतं त्यानेच हा भार उचलावा.

दरासोबत वॉरंटी दिली तर कामही चांगलं होतं. जळालेला एकच एलईडी बदलला तर तेवढेच तास चाललेले बाकीचेही मागोमाग जाऊ शकतात. पुन्हा फुकटात उघडायची वेळ येऊ नये म्हणून कारागीर स्वतःहून सगळ्या पट्ट्या बदलेल.

यात एक पळवाट आहे. अवघड सेट आला की "पॅनल गेलं" म्हणून हात वर करायचे. म्हणून पॅनल गेलंय हे गिऱ्हाइकाला दाखवूनच सांगावं. आणि मोठं पॅनल उचलताना कडेची नाजूक फ्लेक्स (पातळ चपटी वायर) फाटली, स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या, तर ते नुकसान दुरुस्तीवाल्याचं, हेही दराच्याच कागदावर लिहिलेलं हवं.

हे अशक्य नाही. युरोपियन युनियनच्या 2024 च्या दुरुस्तीविषयक निर्देशात असाच एक फॉर्म आहे. त्यात किंमत लिहायची, ती आधी काढता येत नसेल तर कमाल किंमत लिहायची, आणि त्या अटी 30 दिवस बदलायच्या नाहीत. फॉर्म देणं ऐच्छिक आहे, ते मला अपुरं वाटतं.

छोट्या कारागिराची एक अडचण मात्र खरी आहे. पार्ट मिळेल की नाही, केवढ्याला मिळेल, हेच माहीत नसेल तर तो दर कसा बांधणार? युरोपात 2021 पासून डिस्प्लेच्या कंपन्यांना पॉवर सप्लाय, कपॅसिटर असे काही सुटे भाग मॉडेल बंद झाल्यावरही किमान 7 वर्षं पुरवावे लागतात. त्या यादीत बॅकलाइटच्या पट्ट्या आणि टी-कॉन बोर्डही यायला हवेत, आणि सुट्या भागांच्या किमती कंपन्यांनी उघड जाहीर करायला हव्यात.