११४ पुष्पगुच्छांखाली गाडलेला कॅटलॉग

एक मेसेज होता. फक्त एक. मंगळवारी सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी आमच्या बिझनेस क्लबच्या ग्रुपवर फर्निचरवाल्यांनी टाकला होता: "३२ पानी कॅटलॉग, फोर कलर, दीड हजार प्रती, शुक्रवारपर्यंत हवाय. कोणी आहे का?"

कोणी आहे का! अहो, एका धंद्याचा एकच माणूस घ्यायचा हा आपल्याच क्लबचा नियम. छपाईची खुर्ची माझी. दर आठवड्याला पहाटे उठून, एक मिनिट उभं राहून, "मी छपाई करतो" हे मी तीन वर्षं सांगतोय. आणि हा सद्गृहस्थ माझ्या शेजारी बसतो!

त्यांना तरी किती बोलू. दहा तेराला विमावाल्यांचा वाढदिवस निघाला. आधी एक पुष्पगुच्छ, मग दुसऱ्याला वाटलं आपण मागे राहिलो, म्हणून त्याचे तीन. कोणीतरी विमावाल्यांचा जुना, भरपूर केसांचा फोटो शोधून काढला. त्यावर "केसांचाही विमा काढला असतात तर" हा विनोद. तो विनोद चौघांनी, एकमेकांचा न वाचता, चार वेळा केला. मग "पार्टी कधी?" मग विमावाल्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं "मनःपूर्वक आभार" म्हटलं. प्रत्येकाला! एकदाच सगळ्यांना म्हणून टाकलं असतं तर काय पॉलिसी लॅप्स होणार होती?

मी त्या वेळी मशीनवर होतो. प्लेट बदलत होतो, दोन्ही हात शाईचे, फोन कागदाच्या रिमवर पालथा आणि सारखा थरथरतोय. दुपारी पावणेदोनला हात धुऊन बघतो तर न वाचलेले ११५. मोजलेत मी, राग आला की मी मोजतो. ११४ वाढदिवसाचे आणि त्यांच्या तळाशी, पहिलाच, माझा कॅटलॉग. सोळा पानांचे दोन फर्मे, म्हणजे छापून दुमडायचे मोठे ताव, मध्ये पिन. दोन दिवसांचं, तयार, गोड काम.

लगेच फोन लावला. फर्निचरवाले म्हणाले, "अहो, ग्रुपवर टाकलं होतं की! तुम्ही काही बोललाच नाहीत. म्हटलं तुमच्याकडे लोड असेल. दिलं बाहेर." फोन करायला काय झालं होतं, हे विचारायचं ओठांवर आलं होतं. गिळलं. शेजारी बसायचंय ना पुढच्या मंगळवारी.

आणि हे पहिल्यांदा नाही. आमच्या ग्रुपवर बातमी आणि टिवल्याबावल्या यांत फरकच उरलेला नाही. कोणाचं गोडाऊन हललं, कोणाला नवीन टेंडर लागलं, कोणता पुरवठादार पैसे घेऊन गप्प बसलाय, या खऱ्या बातम्या. त्या येतात, दोन अंगठे मिळवतात आणि सुप्रभातच्या सूर्योदयात बुडतात. व्हॉट्सअ‍ॅपनं २०२० मध्ये अशी मर्यादा घातली, की फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला पुढे ढकलता येईल. आमचे प्लायवूडवाले तो एकच चॅट दर वेळी मन लावून निवडतात. आमचाच.

वाईट याचं वाटतं की धंदेवाल्यांच्या अशा क्लबची कल्पना चांगली आहे, आणि जुनी आहे. बेंजामिन फ्रँकलिननं १७२७ मध्ये फिलाडेल्फियात 'जुंटो' नावाची मंडळी जमवली होती, दर शुक्रवारी संध्याकाळी. हा माणूस पेशानं मुद्रक, म्हणजे माझ्याच जातकुळीचा. त्यांचे प्रश्न ठरलेले असत: गावात कोणाचा धंदा जोरात आहे आणि कशामुळे, कोण बुडालं आणि का, नव्यानं दुकान मांडलेल्या कोणाला हात देता येईल का. बातम्याच की या! त्यातल्याच एका सभासदानं फ्रँकलिनच्या छापखान्याला क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींच्या इतिहासाचं ४० शीटचं काम आणून दिलं. आणून दिलं! "कोणी आहे का" म्हणून हवेत नाही सोडलं. शिवाय तिथे समोरच्याला तडक खोडून काढलं तर छोटासा दंड होता. आमच्याकडे 'शुभेच्छा'वर दंड लावा, वर्षाची वर्गणी निघेल.

किंवा रोटरी घ्या. १९०५ साली शिकागोत सुरू झाली तेव्हा सभासद आळीपाळीनं एकमेकांच्या कचेरीत भेटायचे, नाव पडलं तेच त्या फिरतीवरून. आमच्यापैकी माझ्या प्रेसमध्ये किती जण आलेत? दोन. त्यातला एक पत्ता चुकून.

थट्टामस्करीला माझा विरोध नाही हो. ज्याच्याबरोबर हसलोय त्याच्यावर माणूस भरवसा टाकतो, मलाही पहिली दोन कामं अशीच मिळाली. पण कामाच्या बातमीला वेगळा ग्रुप काढा, एवढंच मी गेल्या वर्षी म्हटलं. अध्यक्ष म्हणाले, "आपण एक कुटुंब आहोत, कुटुंबात असं वेगळं काढतात का?" तरी काढला. त्या ग्रुपवर पहिला मेसेज काय आला? "नवीन ग्रुपबद्दल अभिनंदन." खाली पुष्पगुच्छ.

आज शनिवार. मघाशी फर्निचरवाल्यांनी छापून आलेल्या कॅटलॉगचा फोटो टाकला. मी मोठा करून बघितला. रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं, हललेलं, लाल अक्षरांना निळी किनार, सोफ्याला सावल्या दोन. पिनही मधोमध नाही. मी दात आवळून बसलो होतो, तेवढ्यात विमावाल्यांनी लिहिलं, "वा! आपल्या छपाईवाल्यांचं काम म्हणजे प्रश्नच नाही!"

फर्निचरवाले गप्प. आत्तापर्यंत अकरा जणांनी माझं अभिनंदन केलंय.