छडी परत आणल्याने वर्ग परत हाती येत नाही

शिक्षकांच्या आणि पालकांच्या गटांमध्ये सध्या एक संदेश सारखा पुढे पाठवला जात आहे. शिक्षकाच्या हातातली छडी काढून घेतल्यामुळे वर्ग हाताबाहेर गेले, हे त्याचे मुख्य म्हणणे. गेलेला वचक परत मिळवायचा असेल तर शिक्षकाने आवाज चढवावा, दंगा करणाऱ्या एकाला सगळ्यांदेखत खडसावावे म्हणजे बाकीचे आपोआप सरळ होतात, पहिले काही महिने मुलांसमोर हसू नये आणि एवढे करूनही जी दोन-तीन मुले ऐकत नाहीत त्यांना वर्गाबाहेर काढावे, असे उपाय त्यात सांगितले आहेत. हा संदेश लिहिणाऱ्याची व्यथा खोटी नाही. भरल्या वर्गासमोर उभे राहून आपले एक वाक्यही पूर्ण होऊ नये, हा अनुभव माणसाला आतून पोखरतो. मी तो घेतला आहे, आणि छडी सोडून संदेशातला प्रत्येक उपाय मी कधी ना कधी वापरलेलाही आहे. त्यामुळेच हे उपाय का फसतात ते नीट सांगणे मला आवश्यक वाटते.

छडी होती तेव्हा वर्ग शांत होते, या विधानापासून सुरुवात करू. इंग्लंडमधल्या ज्या जुन्या निवासी शाळांमध्ये फटके हा रोजचा रिवाज होता, त्याच शाळांमध्ये विद्यार्थ्यांचे उघड उठाव झाले. रग्बी येथील शाळेत १७९७ साली मुलांनी मुख्याध्यापकांचे दार बंदुकीच्या दारूने उडवले आणि त्यांना आवरायला सैनिक आणावे लागले. विंचेस्टरच्या शाळेतही १८१८ साली मुलांचा उठाव मोडायला सैनिक आणावे लागले. याउलट पोलंडने शाळेतली मारहाण १७८३ सालीच बंद केली होती, म्हणजे छडीवाचून शाळा चालवण्याचा विचार आजकालचा नव्हे. लहान मुलांना घरी दिल्या जाणाऱ्या चापट्यांविषयी एलिझाबेथ गर्शॉफ आणि अँड्रू ग्रोगन-केलर यांनी २०१६ साली पन्नास वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. त्यात १,६०,००० हून अधिक मुलांची माहिती होती. जिथे मार जास्त, तिथे आक्रमकता आणि बेशिस्तही जास्त, असाच कल त्यातून दिसला. अशा अभ्यासांतून कारण कोणते आणि परिणाम कोणता हे पूर्णपणे वेगळे काढता येत नाही, हे मान्य. परंतु माराने वर्तन सुधारते, असे म्हणायला त्यात कुठेही आधार मिळत नाही.

आवाज चढवण्याचे म्हणणे पहिल्या नजरेत पटते, कारण ओरडल्यावर वर्ग खरोखरच क्षणभर चिडीचूप होतो. ही क्षणभराची शांतता शिक्षकाला मिळालेले बक्षीस असते, म्हणून तो पुढच्या वेळी लवकर ओरडतो. आणि मुलांना त्या आवाजाची सवय होत गेल्यामुळे त्याला दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने ओरडावे लागते. १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात पहिलीच्या वर्गातील शिक्षिकांनी जागेवरून उठणाऱ्या मुलांना ‘खाली बसा’ असे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक वेळा सांगितले, तेव्हा उभी राहणारी मुले कमी न होता वाढली. त्याच शिक्षिका बसून काम करणाऱ्या मुलांची दखल घेऊ लागल्या, तेव्हा ती कमी झाली. १९७० साली डॅनियल ओलिअरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्गांतल्या सतत दंगा करणाऱ्या मुलांकडे पाहिले. सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशी ताकीद थांबवून फक्त त्या मुलाला ऐकू येईल अशी हळू ताकीद दिली गेली, तेव्हा बहुतेकांचा दंगा कमी झाला. ताकीद दोन्ही वेळा होती. फरक होता तो प्रेक्षकांचा. ज्या मुलाला सगळ्यांसमोर रागावले जाते, त्याला सगळ्यांसमोरच उत्तर द्यावेसे वाटते. बाकाशेजारी वाकून हलक्या आवाजात सांगितले तर त्याला आपला मान राखून कामाकडे वळता येते.

एकाला खडसावले की बाकीचे सुधारतात, हा संदेशातला सगळ्यात जास्त पटणारा मुद्दा आहे आणि त्याची गोष्ट विस्ताराने सांगण्यासारखी आहे, कारण एका संशोधकाने नेमक्या याच समजुतीचा अनेक वर्षे पाठपुरावा केला. जेकब कूनिन हे अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ महाविद्यालयात शिकवत असताना त्यांना एक विद्यार्थी तासाला वर्तमानपत्र वाचताना दिसला. त्यांनी त्याला फटकारले आणि त्यांच्या लक्षात आले की, ज्यांना कोणी काही बोलले नव्हते ते विद्यार्थीही सावरून बसले. पाण्यात खडा टाकल्यावर तरंग पसरावेत तसा हा परिणाम त्यांना वाटला, आणि शिक्षकाने कशा प्रकारे दटावले असता हे तरंग सर्वांत चांगले पसरतात याचा ते शोध घेऊ लागले. पुढे त्यांनी अनेक वर्गांचे व्हिडिओ चित्रण करून ते बारकाईने तपासले. १९७० साली प्रसिद्ध केलेला त्यांचा निष्कर्ष त्यांच्या स्वतःच्या अपेक्षेच्या उलट होता. दंगा सुरू झाल्यावर शिक्षक किती कठोरपणे, किती स्पष्टपणे किंवा किती रागाने बोलतो, यावरून त्याचा वर्ग कसा चालतो हे सांगता येत नव्हते. चांगले चालणारे वर्ग आणि विस्कटलेले वर्ग यांतला फरक दंग्याच्या आधीच्या कामात होता.

ते काम कोणते, हेही कूनिन यांनी नेमके दाखवून दिले. ज्याचा वर्ग चांगला चालतो त्या शिक्षकाला वर्गभर भान असते. फळ्यावर लिहिताना, एकाची वही तपासताना त्याची नजर इतरत्र फिरत असते, आणि मुलांना हे ठाऊक असते. कुजबुज दोघांची चौघांत पसरण्याआधी तो तिथे पोचतो, आणि खोडी काढणाऱ्यालाच थांबवतो, नुसत्या हसणाऱ्याला नव्हे. चुकीच्या मुलाला किंवा फार उशिरा बोलणाऱ्या शिक्षकाला हे भान नाही, हे मुले लगेच ओळखतात. भान असलेल्या शिक्षकाच्या तासाची गती तुटत नाही: वह्या काढायला सांगून तो मध्येच जुना विषय उकरत नाही, एका मुलाच्या चुकीवर पाच मिनिटे प्रवचन देत नाही, आणि एक काम संपून दुसरे सुरू होताना मोकळी पोकळी राहू देत नाही. माझ्या स्वतःच्या तासांचे टिपण मी काही आठवडे ठेवले, तेव्हा बहुतेक गोंधळ याच पोकळीत सुरू होतो असे मला आढळले. मी खडू शोधत असे, हजेरीपट उघडत असे, आणि तेवढ्यात वर्ग निसटलेला असे.

पहिले काही महिने हसू नये, या सल्ल्याबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १० वर्गांतल्या काही शिक्षकांनी दारात उभे राहून प्रत्येक मुलाचे नावाने स्वागत करायला आणि लगेच करायचे काम सांगायला सुरुवात केली. मुलांचा अभ्यासात गुंतलेला वेळ २० टक्केबिंदूंनी वाढला आणि व्यत्यय ९ टक्केबिंदूंनी घटला. आपुलकीने वचक जातो, ही भीती निराधार आहे; वचक जातो तो आज एक नियम आणि उद्या दुसरा, अशा धरसोडीने.

त्रास देणाऱ्या मुलांना बाहेर काढा, या मुद्द्याबाबत मात्र मला माझी एक चूक सांगितली पाहिजे. एका मुलाला मी वर्षभरात कितीतरी वेळा वर्गाबाहेर उभे केले. तो नेमका कधी बिघडतो हे पाहण्याचे मला फार उशिरा सुचले: मोठ्याने वाचण्याची पाळी बाकांवरून सरकत त्याच्या जवळ आली की तो शेजाऱ्याला ढकलत असे. त्याला वाचता येत नव्हते, आणि ते सगळ्यांसमोर उघड होण्यापेक्षा त्याला बाहेर उभे राहणे परवडत होते. माझी शिक्षा ही त्याची सुटका होती. मी ती जितक्या वेळा दिली, तितक्या वेळा ढकलणे उपयोगी पडते हेच त्याला शिकवले. दुसऱ्याला इजा होत असेल तर मुलाला तात्काळ बाजूला नेलेच पाहिजे, त्याबाबत दुमत नाही. परंतु तो परत कोणत्या कामाकडे येणार, हे ठरवल्याशिवाय बाहेर काढणे म्हणजे प्रश्न दाराबाहेर ठेवून दुसऱ्या दिवशी तोच आत घेणे होय.

आता, वर्ग आधीच हातातून गेला असेल आणि वर्ष अर्धे उलटले असेल, तर काय करावे, हा प्रश्न उरतो, आणि संदेश पुढे पाठवणाऱ्यांना तो मनापासून पडलेला असतो. अशा वेळी सगळे एकदम सुधारायला जाऊ नये. एकच गोष्ट निवडावी, आणि माझ्या मते ती तासाची पहिली पाच मिनिटे असावी. मुले येण्याआधी फळ्यावर छोटे, सर्वांना जमेल असे काम लिहिलेले असावे. शिक्षकाने दारात उभे राहावे, सूचना एकाच जागी स्थिर उभे राहून थोडक्यात द्यावी, शेवटचा आवाज थांबेपर्यंत वाट पाहावी आणि मगच पुढे बोलावे. ही पाच मिनिटे कशी जायला हवीत ते मुलांना सांगून भागत नाही. गणिताची रीत करून घेतो तशी ती त्यांच्याकडून करून घ्यावी लागतात, चुकली तर न रागावता पुन्हा करून घ्यावी लागतात.

सगळा वर्ग मिळून काही मिळवू शकतो, याचाही उपयोग होतो. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चौथीच्या २४ मुलांच्या वर्गाचे दोन गट केले गेले. जागेवरून उठणे किंवा मध्येच बोलणे घडले की गटाच्या नावे फळ्यावर खूण होई, आणि खुणा ठरलेल्या संख्येपेक्षा कमी राहिल्या तर दोन्ही गट जिंकू शकत. दोन्ही प्रकारचे व्यत्यय लक्षणीय घटले. एखादा मुलगा मुद्दाम गट हरवू लागला तर त्याला त्या दिवसापुरते वेगळे मोजावे, नाहीतर बाकीची मुले त्याच्यावर राग काढतील.

यातले काहीही शिक्षकाने एकट्याने ओढायचे नाही. मुख्याध्यापकांनी आठवड्यातून एकदा मागच्या बाकावर बसून, गुण देण्यासाठी नव्हे तर गोंधळ कोणत्या मिनिटाला आणि कोणत्या कामाच्या वेळी सुरू होतो ते टिपण्यासाठी तास पाहावा, आणि ते टिपण त्याच दिवशी त्या शिक्षकाच्या हाती द्यावे.