मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवंच

मंडळी, जरा मोठी पोस्ट आहे, पण पूर्ण वाचा.

हेल्मेट नाही तर पेट्रोल नाही, असा हुकूम इंदूरच्या कलेक्टरांनी 1 ऑगस्ट 2025 पासून लागू केला होता. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीचे अध्यक्ष, निवृत्त न्यायमूर्ती अभय मनोहर सप्रे इथे बैठक घेऊन गेले आणि लगेच हुकूम निघाला. मला फार बरं वाटलं होतं. पण पंपावर काय चाललं होतं ते आपण सगळ्यांनीच पाहिलं. एकाचं पेट्रोल भरून झालं की तो हेल्मेट काढून मागच्याला देणार, मागचा ते नुसतं डोक्यावर ठेवून पुढे सरकणार. पट्टा लावायचा प्रश्नच नाही. एकाने तर दुधाच्या कॅनचं झाकण डोक्यावर ठेवून पेट्रोल भरून घेतलं, त्याचा व्हिडिओ गावभर फिरला. लोक हसले. मला नाही हसू आलं.

हा हुकूम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 163 खालचा, म्हणजे आपलं जुनं 144. त्याची मुदतच दोन महिन्यांची. 29 सप्टेंबरपर्यंत कसेबसे दिवस काढायचे, एवढंच लोकांच्या डोक्यात होतं. खरं तर वेगळ्या हुकुमाची गरजच काय? मोटार वाहन कायद्याचं कलम 129 आहेच की! दुचाकीवर असलेल्या चार वर्षांवरच्या प्रत्येकाने हेल्मेट घालायचं, मग तो चालवत असो की मागे बसलेला असो. सूट आहे ती पगडी बांधणाऱ्या शिखांना. 2019 च्या दुरुस्तीने दंड हजार रुपये झाला, शिवाय तीन महिने लायसन्स बाद होऊ शकतं.

माझं सगळं म्हणणं त्या मागे बसलेल्या माणसाबद्दल आहे. 2022 साली देशात हेल्मेट न घातलेले 50,029 जण रस्त्यावर जीवानिशी गेले, हा केंद्र सरकारचाच आकडा. त्यातले 14,337 मागे बसलेले होते. आणि मागे कोण बसतं? आई, बायको, सासूबाई, शाळेचं दप्तर पाठीवर घेतलेली मुलगी. पंपावर बघतात कुणाचं डोकं? गाडी चालवणाऱ्याचं. चौराह्यावर चलान फाडतात कुणाच्या डोक्याकडे बघून? तेही त्याचंच. नाटक सुटल्यावर पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभं राहून बघा. तो व्यवस्थित हेल्मेट घालून, पट्टा लावून गाडी काढतो, आणि ती पैठणी सावरत एका बाजूला पाय सोडून मागे बसते, उघड्या डोक्याने. एकाच घरातली दोन माणसं, एकाच गाडीवर.

माझी आत्या अशीच मागे बसली होती. आतेभाऊ स्कूटर चालवत होता, हेल्मेट घालून. वेग काही नव्हताच, कॉलनीतलाच रस्ता. वळणावर एक स्पीडब्रेकर, त्यावर पांढरे पट्टे नाहीत. गाडी उडाली आणि आत्या मागच्या मागे पडली. डोक्याचा मागचा भाग रस्त्यावर आपटला. रक्त नाही, टाके नाहीत. सिटी स्कॅनमध्ये सूज दिसली, काही दिवस दवाखान्यात काढून ती घरी आली. सगळे म्हणाले, थोडक्यात निभावलं. मग एकदा गॅसवर दूध करपून घरभर धूर झाला आणि ही बाजूलाच उभी राहून भाजी चिरत होती. तिला वासच येत नव्हता. डॉक्टरांनी सांगितलं, डोकं मागून आपटलं की मेंदू आत पुढे सरकतो आणि नाकातून वर जाणारे वासाचे बारीक तंतू तुटतात. ते बहुतेक परत येत नाहीत. फोडणीच्या नुसत्या वासावरून हिंग कमी पडलाय हे ओळखणारी बाई ती. आता जिरावनाची, म्हणजे आपल्या पोह्यांवर भुरभुरतो त्या मसाल्याची, बाटली नाकाशी धरली तरी काही कळत नाही. जेवण मातीसारखं लागतं म्हणते.

"गल्लीतल्या गल्लीत तर जायचंय" म्हणणाऱ्यांसाठी एक हिशेब. दीड मीटर उंचीवरून डोकं खाली आलं, तर जमिनीला लागताना त्याचा वेग तासाला जवळपास 20 किलोमीटर असतो. गाडी उभी असली तरी! हेल्मेटच्या आतला थर्मोकोलसारखा थर चेपतो आणि तो धक्का स्वतःवर घेतो, म्हणून एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट पुन्हा वापरायचं नसतं. आणि पट्टा लावलेला नसेल तर पडताना आधी हेल्मेटच उडून जातं.

बायकांच्या अडचणी मला मान्य आहेत. अंबाडा घातला की हेल्मेट नीट बसत नाही, मे महिन्यात घाम निथळतो, दुसरं हेल्मेट ठेवायचं कुठे हाही प्रश्न आहे. पण केस खाली मोकळे बांधता येतात, गजरा पोचल्यावर माळता येतो. नवीन दुचाकीबरोबर कंपनीने हेल्मेट द्यायचं हा केंद्राचा नियम आहे. 2025 मध्ये दोन द्यावीत असा मसुदाही निघाला. तो लवकर लागू व्हावा असं मला मनापासून वाटतं.

इंदूरला शिस्त लावता येत नाही, हे तर मी ऐकूनच घेणार नाही. कचऱ्याची गाडी रोज सकाळी दारात येत राहिली म्हणून ओला-सुका वेगळा करायची सवय आपल्याला लागली. दोन महिने येऊन बंद झाली असती तर लागली असती का? हेल्मेटची तपासणीही तशीच बाराही महिने हवी. पंपावर नको, रस्त्यावर हवी, आणि गाडीवरची सगळी डोकी मोजून हवी.

तोवर आपल्या घरात दुसरं हेल्मेट आणा. फुटपाथवरचं दीडशे-दोनशेचं नको. 1 जून 2021 पासून आयएसआय मार्क नसलेलं हेल्मेट विकणंच बेकायदा आहे, आणि खोटे स्टिकर लावलेलीही मिळतात, म्हणून दुकानातून पक्कं बिल घ्या. जिला घालायचं आहे तिला सोबत न्या. भुवयांच्या थोडं वर, डोक्याभोवती गोल टेप फिरवून माप घ्या. घातल्यावर डोकं हलवलं तर हेल्मेटही सोबत हललं पाहिजे, आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकीच जागा हवी. राजेंद्र नगर, सुदामा नगरकडच्या कुणाला सोबत हवी असेल तर मला मेसेज करा, मी दुकानात येते.